विहिरीतला दम

आमची विहीर दम घ्यायची. हे कुणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. मुलांना विज्ञान शिकवते, भूतबाधा हे सगळं थोतांड आहे असं फळ्यावर लिहून देते आणि वहीत उतरवून घ्यायला लावते. पण बीड जिल्ह्यात, दिंद्रुडच्या अलीकडं, आमच्या वाडीच्या शेतातल्या त्या विहिरीचा दम मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे. दिवेलागणीला वारा पडला की खाली पाण्यातून एक बारीक फुस्स यायचं आणि पाठोपाठ आत ओढलेली हवा. एवढंच. मग बराच वेळ काही नाही.

माय म्हणायची, "आली बग तुजी अक्का."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती त्या विहिरीत बुडाली तेव्हा मी चपला उलट्या पायात घालायच्या वयाची होते. तिच्या चपलांचा जोड मात्र खालच्या पायरीवर नीट शेजारी शेजारी ठेवलेला सापडला. हे मला आठवतं, किंवा इतक्यांदा ऐकलंय की आठवतं असं वाटतं. ती कशी पडली ते कुणी बघितलं नाही. गावातल्या माणसांनी इंजिन लावून विहीर उपसली, तिला गाळातून वर काढलं आणि पुढं जे करायचं असतं ते केलं.

विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा. पाण्यात राहतात आणि एखादी पोर आवडली की खेळायला ओढून नेतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मायनं मात्र त्याच्यापुढं आपलं एक जोडलं होतं. आसरांनी पोरीचं अंग तेवढं माघारी दिलं, दम ठेवून घेतला. "अंगाचं काय करत्याल त्या?" ती म्हणायची. "त्यान्ला खेळाया जित्तं पायजे." हे ती इतक्या सरळ आवाजात सांगायची की ऐकणाऱ्याला उलट बोलायचा धीर होत नसे.

म्हणून दर अमावस्येला माय दहीभाकरीचा घास पानावर घेऊन विहिरीत उतरायची, खालच्या पायरीवर ठेवायची आणि वरच्या पायरीवर येऊन बसायची. मी तिच्या मागं पदर धरून उभी. ती म्हणायची, "आयकू आलं?" मी म्हणायची, "आलं." आणि खरंच यायचं. सकाळी जाऊन बघावं तर पान पाण्यावर तरंगत असायचं आणि घास गेलेला असायचा. एकदा मला भूक लागली होती म्हणून मी त्या घासाला हात घातला, तर मायनं हातावर चापट मारली. "त्यो तुजा न्हाई," ती म्हणाली. मेलेल्या माणसाचा घास जित्या माणसानं खाऊ नये, खाल्ला तर तेही मागं मागं जातं, असं तिनं मला समजावून सांगितलं. मी त्यानंतर त्या विहिरीचं पाणीसुद्धा प्यायले नाही. शेजारच्या मळ्यातून भरून आणायची.

दिवाळी झाली की आमची वाडी ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. अक्का होती तोवर माय आणि बाबा एक कोयता म्हणून जायचे, आम्हा दोघींना ट्रकात सामानावर बसवून. ती गेल्यावर माय पुन्हा कारखान्यावर गेली नाही. "तिला घास कोन घालील?" एवढंच तिचं उत्तर. बाबा चुलत्याच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून एकटेच जायला लागले. मुकादम टोचून बोलायचा, ते ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन मायला त्यातलं काही सांगायचे नाहीत.

याचा एक परिणाम असा झाला की सगळ्या वाडीत वर्षभर शाळेत बसणारी मी पहिलीच पोर ठरले. बाकीच्यांची शाळा दिवाळीनंतर फडावर जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला माघारी यायची, तोवर पाढे विसरलेले. मी पुढं शिकले, डीएड झाले. अक्काच्या दमावर शिकले म्हटलं तरी खोटं नाही.

आणि दुसरीही एक गोष्ट सांगून टाकते. मला अक्काचा राग यायचा. तिचे फ्रॉक मला व्हायचे, तेच मी घातले. माय हाक मारताना आधी तिचं नाव घ्यायची, मग जीभ चावून माझं. संध्याकाळी मी अभ्यास करत बसलेली असायची आणि माय दारात, विहिरीकडं कान लावून. जितं लेकरू कुठं पळून जात नाही, त्याच्याकडं उद्या बघितलं तरी चालतं. बुडालेलं तेवढं आज ऐकलं पाहिजे.

आमच्या भागातल्या निम्म्या मास्तरांचं नशीब कोकणात लिहिलेलं असतं. तिकडं जागा रिकाम्या, इकडं डीएड झालेली पोरं गल्लोगल्ली. मलाही समुद्रकाठची शाळा मिळाली, मासेमारी करणाऱ्यांच्या वाडीतली. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि मी फळ्याकडं तोंड करून बसायची. पाण्याच्या एवढ्या मोठ्या जागेकडं बघायची मला सवय नव्हती. मुलांनी ते चार दिवसांत ओळखलं. "बाई दर्याक भियतत," असं एकमेकांना सांगायची. मी दटावलं तरी खरं ते खरंच होतं.

त्या वाडीच्या समोर थोडं आत खडक आहेत. सुट्टीत पर्यटक यायचे, तोंडावर काचेचा मोठा चष्मा, तोंडात नळी, आणि पाण्यावर पालथे पडून खालचं जग बघायचे. स्नॉर्कलिंग. गावातले बाप्ये होड्या हाकायचे, बाया काठावर चहा-भजी विकायच्या. पाण्यात डोकं घालून बघायला मात्र गावातलं कुणी जायचं नाही. मग एका संस्थेनं तिथल्या काही बायांना पर्यटकांना खडकांवर न्यायचं काम शिकवलं. त्यातली एक माझ्या वर्गातल्या मुलीची आई. तीच एक दिवस शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, मुंबय-पुण्याची माणसा येवन आमचो दर्यो बघून जातत. आमी कधी बघूचो?"

तिच्या मनात असं होतं की शनिवारी ओहोटीला शाळेतली मुलं आणि त्यांच्या आया यांना चष्मा लावून खडकांवर न्यायचं. मुख्याध्यापकांना कल्पना आवडली आणि काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे शिक्षक शनिवारी आपापल्या घरी पळायचे. बीडला शनिवार-रविवारात जाऊन येणं होत नाही, त्यामुळं शनिवारी अडलेली सगळी कामं बीडवालीची, असा तिथला रिवाजच होता.

पहिल्या शनिवारी मी छातीएवढ्या पाण्यात उभी राहिले. मुलं केव्हाच पालथी पडली होती. त्या बाईनं माझ्या तोंडावर चष्मा बसवला, नळी दातांत धरायला लावली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "घाबरू नकात. फकत दम घेवा." मी तोंड पाण्यात घातलं. डोळ्यांनी काही दिसायच्या आधी कानांना ऐकू आलं. नळीतून बाहेर जाणारं फुस्स आणि पाठोपाठ आत ओढलेली हवा. तोच आवाज, माझ्या डोक्याच्या आत.

मी चष्मा ओरबाडून काढला, खारट पाणी प्यायले, खोकून खोकून डोळे लाल झाले. मुलं हसून हसून बुडायची राहिली. त्या बाईला वाटलं पाण्याला घाबरले. मी म्हटलं हो, पाण्यालाच.

तरी पुढच्या शनिवारी गेले, त्याच्या पुढच्याही. हट्ट म्हणा, किंवा त्या आवाजानं मला धरलं होतं म्हणा. हळूहळू दमाच्या पलीकडचं दिसायला लागलं. खडकाला चिकटलेली प्रवाळं, त्यांच्यातून आतबाहेर करणारे पिवळे पट्ट्यापट्ट्यांचे मासे, वाळूत बसून डोळे फिरवणारी मांदेलीएवढी कसलीतरी मासळी. मुलांच्या आया आधी लाजत होत्या, मग नंबर लावून भांडायला लागल्या. बाजारात मासळी विकणारी एक म्हातारी लुगड्याचा कासोटा मारून उतरली आणि बराच वेळ वर यायलाच तयार नाही. वर आली तेव्हा चष्मा न काढताच म्हणाली, "माझो जलम मासे विकण्यात गेलो, पण जितो मासो फिरताना आज बघलंय." त्या दिवशी ती टोपली घेऊन बाजाराला गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, पोट कुणाला चुकलंय.

एका शनिवारी खडकात अडकलेलं एक फाटकं जाळं दिसलं. त्यात खेकडे, मासे अडकून मेलेले, आणि प्रवाळाचा एक मोठा तुकडा उपटून आलेला. तिकडं जाळ्याला तरंग म्हणून जुन्या चपलांचे तुकडे कापून बांधतात. त्या जाळ्याला निळ्या लहान चपलेचे तुकडे होते. माझा हात धरून पोहणाऱ्या त्या बाईनं ते बघितले आणि माझा हात सोडून दिला. चप्पल तिच्या लेकीची होती, म्हणजे जाळं तिच्या नवऱ्याचं. ती वर येऊन खडकावर बसली. पुढं तिनं नवऱ्याशी कडाक्याचं भांडण केलं आणि वाडीतल्या बायांना घेऊन खडकावरची जाळी कापून काढली. पण त्या क्षणी खडकावर बसलेली ती मला आठवते. पाण्याखाली बघितलं की काहीतरी हातचं जातं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

माझं गेलं ते उन्हाळ्याच्या तोंडाला. पाणी नितळ होतं. खाली एक कासव खडकावरचं शेवाळ ओरबाडून खात होतं, मुलं कडं करून बघत होती. खाऊन झाल्यावर ते संथपणे वर निघालं, थेट माझ्या बाजूनं. मी घाबरून डोकं वर काढलं, तेव्हा त्यानंही काढलं. हात लांब केला असता तर लागलं असतं. त्यानं माझ्याकडं एका डोळ्यानं बघितलं आणि दम सोडला. फुस्स. मग आत ओढला. मग खाली गेलं.

मी तशीच उभी राहिले. आमच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा बाबांनी नदीतून एक कासव आणून त्यात सोडलं होतं. आमच्याकडं नव्या विहिरीत कासव सोडतात, पाणी स्वच्छ राहतं आणि आटत नाही म्हणून. अक्काला त्याचा लळा होता. रोज शाळेतून आली की खालच्या पायरीवर बसून ती त्याला भाकरीचे तुकडे घालायची, हे माय किती वेळा सांगायची. पण अक्काला शोधायला विहीर उपसली तेव्हा ते कासव कुणाला दिसलं नाही. गाळाबरोबर फेकलं गेलं असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. पोर गेल्यावर कासवाची चौकशी कोण करतं? कासव स्वतःला गाळात पुरून घेऊन पाण्याची वाट बघत पडू शकतं, हे मी स्वतः मुलांना शिकवलेलं आहे. आमच्या विहिरीपाशी ते मला एकदाही आठवलं नव्हतं.

त्या दिवशी मी खोलीवर येऊन रडले. सुटले म्हणून नाही. अक्का गेली म्हणून. एवढी वर्षं ती कुठंतरी होती आणि आता नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीआधी भावाचा फोन आला. भाऊ अक्का गेल्यानंतरचा, बाबांच्या माघारी शेत आता तोच बघतो. त्यानं तिला बघितलेलं नाही, त्यामुळं विहीर त्याला विहिरीसारखी दिसते. "ताई, मायला तू सांग. माजं आयकत न्हाई," तो म्हणाला. "हीर उपसून खोल केल्याबिगर भागत न्हाई. उसाला पानी पुरना. क्रेनवाल्याला मी सबूद दिलाय."

"ती काय म्हणती?"

"म्हनती, आदी मला उपसून टाका."

मी त्या बाईकडून एक चष्मा आणि नळी मागून घेतली. कशाला ते तिनं विचारलं नाही.

घरी पोचले तेव्हा माय आणि भावाचं बोलणं बंद होतं. ती त्याला जेवायला वाढायची, पण भांड्याशी बोलायची. "पानी काढल्यावर ती कुटं जाईल?" ती मला म्हणाली. "दम हाय तिचा त्यात. कोरड्यात कसा ऱ्हाईल?" तिची काया वाळून गेली होती, पण कान पहिल्यासारखेच होते. बोलता बोलता मध्येच थांबून विहिरीकडं बघायची.

मला सरळ सांगता आलं असतं की माय, ते कासव आहे. पण समुद्रात मला कुणी सांगितलं नव्हतं, मला दाखवलं होतं. म्हणून मी पिशवीतून चष्मा काढून तिच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "माय, याच्यातनं पाण्याच्या आतलं दिसतं. मी उतरून बघते."

तिनं चष्मा हातात घेऊन फिरवला. मला वाटलं ती ओरडेल. दुपारच्या वेळी तर आसरांच्या विहिरीकडं बघायचंसुद्धा नाही, आणि ऊन तळापर्यंत पोचतं ते फक्त दुपारीच. पण ती हळू आवाजात म्हणाली, "तुला दिसंल ती?"

"बघते."

"दिसली तर तिला सांग, तुला भाऊ झालाय म्हनावं. ठावं न्हाई तिला."

मी मान हलवली. त्या वेळी मला स्वतःची शरम वाटली. पण चष्मा बाहेर आला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही दोघी गेलो. मायनं सात दगडांपुढं नारळ ठेवला, हळदीकुंकू वाहिलं आणि "लेकीला लेक भेटाया चाललीय, धरू नगासा," असं आसरांना सांगितलं. माझ्या कमरेला तिनं सोंदराचा जाड दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक हाताला गुंडाळून खालून दुसऱ्या पायरीवर बसली. मी पोहायला शिकले आहे, हे तिला पटलेलं नव्हतं. पाणी खाली गेलेलं होतं, हिरवट, पण उन्हानं आत उजेड पडला होता.

तोंड पाण्यात घातलं आणि पुन्हा तो दम. माझाच. समुद्रात त्याची सवय झाली होती. इथं मात्र, खरं सांगते, त्या क्षणी अक्का दिसेल असंच मला वाटत होतं. हिरव्या उजेडात, माझ्या फ्रॉकमध्ये. तिच्या फ्रॉकमध्ये. मी दगडांच्या बांधकामावरून नजर फिरवत गेले. बारीक मासे होते, बेडकाची पिल्लं होती, कुणाची तरी गंजलेली बादली होती. आणि ज्या पायरीवर माय घास ठेवायची तिच्या खालच्या कपारीत ते होतं. पाठ परातीएवढी, त्यावर शेवाळ. डोकं आत. मी जवळ गेले तसं त्यानं मान बाहेर काढली आणि माझ्याकडं बघितलं.

मी वर आले. मायनं सोंदर ओढून घेतला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"दिसली?"

मला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. मी चष्मा काढून तिच्या हातात दिला. "तूच बघ," म्हटलं. "तोंड तेवढं पाण्यात घाल. मी धरते."

तिनं का कू केलं नाही. पदर खोचला, खालच्या पायरीवर पालथी झाली, मी मागून तिची कंबर धरली. चष्मा तिच्या तोंडाला मोठा होत होता. नळी दातांत धरली आणि तिनं तोंड पाण्यात घातलं. वर बसून मला तिचा दम नळीतून ऐकू येत होता. फुस्स, आणि आत. आधी भराभर, मग हळू. तो तिला आत किती मोठा ऐकू येत असेल हे मला माहीत होतं. मी घरून आणलेली भाकर मोडून तुकडा तिच्या हाताजवळ पाण्यात सोडला. कपारीतून ते बाहेर आलं, मान लांब केली, तुकडा घेतला. मग वर आलं, मायच्या कानाशेजारी, आणि दम सोडला.

माय उठली. चष्म्याचा लाल गोल तिच्या तोंडावर उमटला होता. ती पाण्याकडं बघत होती.

"तिचं कासव हाय," ती म्हणाली.

"हो."

"केवढं झालंय." तिनं चष्मा खाली ठेवला. "म्हंजी तिचं कासव म्या उपाशी न्हाई ठिवलं."

"नाही ठेवलंस."

ती त्यावर समाधानानं मान हलवत राहिली. मला वाटलं, झालं, सुटलो सगळे. तेवढ्यात तिनं माझ्याकडं वळून विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखादी वस्तू कुठं ठेवलीस असं विचारावं तसं.

"मंग ती कुटंय?"

मी कमरेचा सोंदर सोडायला लागले.

त्या संध्याकाळी तिनं भावाला वाढताना सांगितलं, "बोलीव तुज्या क्रेनवाल्याला." भावानं माझ्याकडं बघितलं, मी ताटाकडं. त्याला आनंद झाला होता आणि तो लपवायचा कसा हे त्याला कळत नव्हतं. माझ्यावर तो खूश होता. मला मात्र त्याच्या पंगतीला बसवेना.

कासव भावानं घमेल्यात घालून घरी आणलं आणि गोठ्याजवळच्या हौदात सोडलं, विहिरीला पुन्हा पाणी लागेपर्यंत. मायनं हौदावर कपाशीच्या पऱ्हाट्यांची सावली केली. विहीर उपसली. क्रेनच्या बादल्या गाळ घेऊन वर यायला लागल्या. माय काठावर सात दगडांशेजारी बसून होती. बादली खाली टेकली की ती उठायची, त्या गाळात कोपरापर्यंत हात घालायची, चाचपायची आणि पुन्हा जागेवर जाऊन बसायची. क्रेनवाल्याची माणसं थांबायची तोवर. काय शोधताय म्हणून कुणी विचारलं नाही. तळाचा पांढरा खडक दिसायला लागला तेव्हा तिनं हात धुतले आणि घरी निघून आली.

मग अमावस्या आली. मी मनातून त्याच दिवसाला भीत होते. दिवेलागणीला माय चुलीपासून उठली, पानावर भाकर कुस्करली, त्यावर दही घातलं आणि बाहेर आली. मी दारातल्या दगडावर बसले होते. ती विहिरीच्या वाटेनं निघाली आणि चार पावलांवर थांबली. तिकडं कोरडी विहीर होती, क्रेनचा सांगाडा उभा होता. ती हौदाकडं वळली. हौदातून नेमका तोच आवाज आला. फुस्स, आणि आत ओढलेली हवा. एवढी वर्षं जिकडं ती धावत जायची तो आवाज. ती जागची हलली नाही.

"त्याला सकाळीच घातलंय म्या," ती कुणालाच उद्देशून नाही असं बोलली. "ह्यो तिचा हाय."

पान हातात घेऊन ती अंगणाच्या मधोमध उभी होती. घास कुठं ठेवायचा हे तिला कळत नव्हतं. तिच्या लेकीचा एवढा एकच पत्ता होता आणि तो मी पुसून टाकला होता. मी उठले, पण पुढं जायचा धीर होईना. काय सांगणार होते मी तिला? फळ्यावर लिहिलेलं?

तिनंच माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. इतका वेळ तिनं मला कधी बघितल्याचं मला आठवत नाही. मग ती चालत माझ्यापुढं आली, पानातला घास चिमटीत धरला आणि माझ्या तोंडापाशी आणला. मी आपोआप मागं सरले. लहानपणची ती चापट माझ्या हाताला आठवत होती.

"त्यो माजा न्हाई, माय," मी म्हटलं.

"आता तुजाच हाय," ती म्हणाली. "खा."

मी तोंड उघडलं. दही आंबट झालं होतं. घास गिळून मी दम घेतला, आणि माय तो ऐकत उभी राहिली.